काय करून राहिली?

माझ्या वह्यांमध्ये सगळं माझ्या अक्षरात आहे, एक शब्द सोडून. तो शब्द म्हणजे 'सांभार'. निळ्या पेनानं केलेल्या माझ्या यादीच्या शेवटच्या ओळीखाली, उरलेल्या जागेत, लाल पेनानं तिरका लिहिलेला.

मी याद्या करते. बाजाराची वेगळी, ऑफिसची वेगळी, घरातल्या दुरुस्त्यांची वेगळी. झालेल्या कामावर रेघ मारते आणि न झालेलं काम पुढच्या आठवड्याच्या पानावर उतरवते. घरी याची चेष्टा होते. आमच्याकडे ऐन वेळी कधी काही संपलेलं नसतं, हे मात्र चेष्टा करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. एका क्लासच्या ऑफिसात सव्वीस वर्षं प्रवेशाचे अर्ज तपासले, त्यामुळे चूक दिसली की माझा हात आपोआप पेनाकडे जातो. या सवयीचा मला अभिमान होता. पुढे जे सांगणार आहे ते त्या सवयीबद्दलच आहे.

आठ-नऊ वर्षांपूर्वी वारज्यात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक जोडपं राहायला आलं. दोघं वर्ध्याची. नवरा चाकणच्या एका कारखान्यात, मुलगा नुकताच शिकायला बाहेरगावी गेलेला. ती माझ्याहून दहा वर्षांनी लहान. सामान उतरत होतं तेव्हा मी चहाचं विचारायला गेले, तर खोक्यांच्या मधून आवाज आला, "या नं ताई, मीच चहा मांडून राहिली." घरात अजून खुर्ची लागली नव्हती आणि हिचा गॅस पेटला होता. मला ती तिथेच आवडली.

दर रविवारी सकाळी मी स्कूटरवरून मार्केट यार्डात जाते. आठवड्याची भाजी तिथूनच येते. तिला सांगितलं, काही हवं असेल तर यादीत लिही. तिनं लाल पेनानं एक शब्द लिहिला. मी भाजी घेतली, बाहेरच्या दुकानात गेले आणि चांगल्या कंपनीचा सांभार मसाला घेऊन आले.

तिनं पुडा उलटसुलट करून पाहिला. "हे काय आणलं ताई?"

"सांभार. तूच लिहिलं होतंस."

"हा नाही हो. हिरवा सांभार. जुडी असते नं त्याची. भाजीवर टाकायचा."

"कोथिंबीर?"

"हो नं. तेच तर लिहिलं मी."

आम्ही दोघी दारात उभ्या राहून इतक्या हसलो की वरच्या मजल्यावरचे काका जिन्यात येऊन विचारून गेले, काही पडलं का. पुढच्या रविवारी ती माझ्या मागे स्कूटरवर बसली. म्हणाली, तुमच्या भरवशावर सांभार सोडून चालणार नाही. त्यानंतर सहा वर्षं आमचा रविवार सहसा चुकला नाही. मी पुढे यादी घेऊन, ती मागे दोन पिशव्या घेऊन. मी भाव विचारायचे, ती गप्पा मारायची. मेथीवाल्या बाईंच्या सुनेचं बाळंतपण कुठे झालं, हे मला पंधरा वर्षांत कळलं नव्हतं, तिला पंधरा मिनिटांत कळलं. परत येताना ती माझ्या कानाशी सतत बोलत असायची. वाऱ्यामुळे त्यातलं निम्मं ऐकू यायचं नाही. आज त्या निम्म्याचीच जास्त आठवण येते.

तिची भाषा मी सुधारायला घेतली ती अगदी प्रेमानं. ती म्हणायची, "ऊन तापून राहिलं," मी म्हणायचे, "तापलं आहे." ती म्हणायची, "आलू उकडून राहिली," मी म्हणायचे, "बटाटे. आणि उकडते आहे." तीही ऐकून घेणारी नव्हती. "तुमचं पुण्याचं मराठी म्हणजे इस्त्रीचे कपडे हो ताई. दिसायला छान, पण मांडी घालून बसायची सोय नाही."

हा रोग मला आईकडून आला. माझी आई शाळेत मराठी शिकवायची. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी ती लग्नपत्रिकेतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवर खुणा करून मगच आहेर काय द्यायचा ते बोलायची. सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर ती एकटी राहत होती. शनिवारी ऑफिस सुटलं की मी तिच्याकडे जायचे. एकदा समोरचीला बरोबर नेलं. ती वाकून नमस्कार करत म्हणाली, "आजी, काय करून राहिल्या?"

आई म्हणाली, "मी राहत नाही, बसले आहे."

तिला इतकं हसू आलं की तिथेच जमिनीवर बसली. आईला हसणारी माणसं आवडायची, कारण तिच्या बोलण्यावर बहुतेक लोक रागवायचे. त्या दिवसापासून 'ती राहिलीवाली' असं आई तिला म्हणायला लागली, आणि मी एकटी गेले की विचारायची, "राहिलीवाली कुठे राहिली?"

त्याच सुमारास तिचे उपास सुरू झाले. आधी सोमवार होता. मग गुरुवार आला, मग शनिवार. चतुर्थी आणि एकादशी होत्याच. मग शुक्रवार. आमच्यात डब्यांची देवाणघेवाण असायची, आणि उपासाच्या दिवशी माझ्याकडून चुकून आमटीचा डबा जाऊ नये म्हणून मी तिच्या उपासांची यादी करून फ्रिजवर लावली. माझे यजमान तिला देवांचं वेळापत्रक म्हणायचे. मी तिला म्हटलं, "अगं, जेवायला मंगळवार, बुधवार आणि रविवार उरले. अशक्तपणा येईल."

"काही होत नाही ताई. बरं वाटते."

कशासाठी करतेस, हे मी विचारलं नाही. खजूर आणि राजगिऱ्याचे लाडू तेवढे यादीत घातले.

तिच्या नवऱ्याबद्दल सांगायला तसं काही नव्हतं. माणूस सरळ. जिन्यात भेटला तर मान हलवायचा, बाजूला होऊन वाट द्यायचा. त्यांच्या घरातून कधी आवाज आला नाही. आम्ही म्हणायचो, किती शांत घर आहे.

एका रविवारी दुपारी ती माझ्याकडे आली. मी ओट्याशी मेथी निवडत होते. तीही समोर बसून निवडायला लागली. नेहमीसारखी बोलत नव्हती. मी काहीतरी सांगत होते, ऑफिसातलं असावं. मध्येच तिनं हातातली काडी खाली ठेवली आणि म्हणाली, "ताई, मी तीन महिन्यांपासून रोज रडून राहिली."

मी मेथीवरून नजर न काढता म्हणाले, "रडते आहे."

असं झालं ते. मला ते तसंच लिहायचं आहे. मी वाईट हेतूनं बोलले नाही, मी हेतूनंच बोलले नाही. चूक दिसली आणि हात पेनाकडे गेला.

तिनं काडी पुन्हा उचलली. मग म्हणाली, "हो. रडते आहे. बरोबर." उरलेल्या चार काड्या निवडल्या, देठ गोळा करून कचऱ्यात टाकले, हात धुतले आणि "येते" म्हणून गेली. दार लागल्यावर माझ्या लक्षात आलं की ती काहीतरी सांगायला आली होती. मी पुढच्या आठवड्याच्या पानावर लिहिलं : तिच्याशी बोलणे.

सोमवारी ती भेटली तेव्हा म्हणाली, "ताई, मी तुमच्यासाठी वडी करते आहे. संध्याकाळी आणून देते." एक शब्द चुकला नाही. मला वाटलं, वा. मंगळवारीही नाही. रविवारी मार्केट यार्डात तिनं स्वच्छ आवाजात कोथिंबीर मागितली. मेथीवाल्या बाई म्हणाल्या, "आज तब्येत बरी नाही का ताईंची?" त्या बाईंना एका शब्दात जे कळलं ते मला कळायला महिना लागला.

तिचं माझ्याशी काही बिनसलं नव्हतं. डबे येत होते, जात होते. मागे स्कूटरवर बसायची. पण बोलणं सगळं शुद्ध झालं होतं, आणि शुद्ध बोलण्यात फट राहत नाही. मी विचारायचे, "बरी आहेस ना?" ती म्हणायची, "हो, बरी आहे." त्यावर पुढे काय विचारणार? तिच्या घरावरून जाताना कधी दारातून आवाज यायचा, ती वर्ध्याला बहिणीशी फोनवर बोलत असायची. 'काऊन', 'नं', 'करून राहिली', सगळं तसंच्या तसं. म्हणजे भाषा बदलली नव्हती. मला तेवढं त्या भाषेच्या बाहेर काढलं होतं.

'तिच्याशी बोलणे' हे काम मी एका पानावरून दुसऱ्या पानावर उतरवत गेले. वही चाळली तर सलग चौदा आठवडे दिसतं. गीझर, आईचा चष्मा, पडद्याच्या कड्या, तिच्याशी बोलणे. गीझर दुरुस्त झाला, चष्मा आला, कड्या बसल्या. दोनदा मी तयारी करून तिच्या दारापर्यंत गेले. एकदा घरी पाहुणे होते, एकदा तिनंच इतक्या नीट शब्दांत "या ना, बसा" म्हटलं की मी ताकाचं विरजण मागून परत आले. माझ्याकडे विरजण होतं.

मग आई पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण ती पलंगावरून उठलीच नाही. मी तिचं वेळापत्रक केलं. सकाळी मदतनीस बाई, संध्याकाळी मी, दुपारी आळीपाळीनं यजमानांची भाची आणि माझी चुलत बहीण. बुधवारची दुपार कोणाच्यात बसेना. ती यादी माझ्या टेबलावर पडली होती. समोरचीनं पाहिली आणि म्हणाली, "बुधवारी मी जाते."

"अगं, वारज्यातून बस बदलून जायचं..."

"मी जाते, ताई. लिहा."

मी लिहिलं. मला वाटलं, शेजारधर्म म्हणून करते आहे. थोडं वाईटही वाटलं, कारण कोणी नुसता धर्म म्हणून केलेलं आपल्याला कळतं. सात महिने ती दर बुधवारी गेली. एकही चुकवला नाही. आईला विचारलं, काय करता तुम्ही दोघी, तर आई म्हणायची, "तुझ्या यादीत नसलेली कामं."

जानेवारीत आई गेली. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात नर्सनं 'सलाईन लावलीय' म्हटलं तेव्हाही तिनं डोळे न उघडता 'लावलं आहे' असं सांगितलं होतं. मी एकुलती एक, त्यामुळे दिवस सदाशिव पेठेतच करायचे ठरले. लोक येत होते, जात होते. मी रडले नाही. रडायला बसायला लागतं आणि मी बसलेच नव्हते. गुरुजी, दर्भ, काळे तीळ, तेराव्याची पानं, बँकेला कळवणे, गॅसचं कार्ड. यादी दोन पानांची झाली होती.

पाचव्या दिवशी दुपारी जिन्यात तिची पावलं वाजली. बुधवार होता. तिच्या हातात डबा होता. घरात आम्ही दोघीच होतो, यजमान गुरुजींकडे गेले होते.

"पिठलं-भात आणला आहे. गरम करते. आपण दोन घास खाऊन घ्या."

मला 'आपण' म्हणाली ती. मी यादीवरून मान वर न काढता विचारलं, "बुधवारी तुम्ही दोघी काय करायचात गं? आईनं मला कधी सांगितलं नाही."

"बोलायचो."

"काय बोलायचात?"

ती गॅसपाशी पाठमोरी उभी होती. "मी कुलूप काढून आत आले की आजी पलंगावरून विचारायच्या, 'काय करून राहिली गं?'"

मला वाटलं, चुकीचं ऐकलं. "कोण विचारायचं?"

"आजी. पहिल्या बुधवारी असं म्हणाल्या तेव्हा मी दारातच रडले. म्हणाल्या, 'तुझं मराठी हल्ली फार चांगलं झालं आहे. काय झालं ते सांग.' मग दर बुधवारी तसंच विचारायच्या."

जिनं उभ्या जन्मात कोणाचा काना सोडला नाही, त्या बाईनं ब्याऐंशीव्या वर्षी पलंगावर पडल्या पडल्या एक चूक शिकून घेतली होती. आणि कशासाठी, तर समोरच्या बाईला दार उघडावंसं वाटावं म्हणून. माझ्या चौदा आठवड्यांच्या पानावर जे काम पडून होतं ते तिनं एका वाक्यात केलं होतं.

मी पेन खाली ठेवलं. "त्या दिवशी तू सांगायला आली होतीस. मी ऐकलं नाही."

"ऐकलं नं ताई. व्याकरण ऐकलं."

तिच्या तोंडून 'नं' आला. जवळजवळ वर्षभरानं आला. मला काय झालं कोण जाणे, आई गेल्यापासून जे अडकलं होतं ते सगळं एकदम वर आलं. ओट्याला धरून मी उभी होते आणि रडत होते. ती वळली, गॅस बंद केला, जवळ आली. मला काहीतरी बोलायचं होतं, क्षमा वगैरे, पण तोंडातून आलं ते असं : "मी रडून राहिले."

"राहिली," ती म्हणाली. "राहिले नाही. नीट बोला."

मग आम्ही आईच्या पलंगाच्या कडेला बसलो आणि तिनं मला सांगितलं. फार मोठी गोष्ट नव्हती. नवरा बोलत नव्हता. भांडण नाही, राग नाही, दुसरं कोणी नाही, नुसता बोलत नव्हता. सकाळी डबा घेऊन जायचा, संध्याकाळी टीव्ही लावायचा. मुलगा घरी होता तोवर ते जाणवलं नाही. मग एका सोमवारी तिनं सहज उपास केला, तेव्हा ताटाकडे पाहून तो म्हणाला, "तू नाही जेवत?" ती म्हणाली, "उपास आहे." तो म्हणाला, "कसला?"

"दोन वाक्यं बोलले ताई. माझ्याकडे पाहून."

म्हणून पुढच्या आठवड्यात गुरुवार. गुरुवारीही त्यानं विचारलं. सोमवारचं विचारणं तोवर बंद झालं होतं, त्याला माहीत झालं होतं ना. मग शनिवार, मग शुक्रवार. दर नव्या उपासाला एकदा 'कसला?' मिळायचा. असे वार संपत आले.

"देवाला फसवलं असं वाटायचं," ती म्हणाली. "म्हणून मग पोथी वाचायला घेतली. ती मात्र खरी वाचली. खरंच बरं वाटलं त्यानं. आजींना सांगितलं तर म्हणाल्या, देवाला चालतं, तो मराठीचा शिक्षक नाही."

फ्रिजवरची माझी यादी मला आठवली. तिच्या एकटेपणाचा इतका व्यवस्थित तक्ता जगात दुसरा नसेल, आणि तो मीच चुंबकानं लावून ठेवला होता. शेजारी राजगिऱ्याच्या लाडवांची नोंद.

"मग आता काय करायचं?" मी विचारलं. माझा स्वभाव.

"काही नाही करायचं. लिहू नका. नुसतं बसा."

मी बसले. पिठलं थंड झालं. ते तसंच खाल्लं आम्ही, एका ताटात.

त्यानंतरची तीन वर्षं माझ्या वारज्यातल्या दिवसांमधली सगळ्यात चांगली वर्षं. बुधवारची दुपार आमची ठरली. मी ऑफिसला अर्ध्या दिवसाची रजा टाकायला लागले, ती कारण न लिहिता. तिनं उपास कमी केले, सोमवार तेवढा ठेवला, तो तिला स्वतःला आवडतो म्हणून. नवऱ्याचं काही नाट्यमय झालं नाही. एकदा तिनंच त्याला सरळ सांगितलं, की तुम्ही रोज एक तरी गोष्ट मला विचारत जा, काहीही चालेल. तेव्हापासून तो रोज विचारतो, "भाजी काय आहे?" ती म्हणते, चव्वेचाळिसाव्या वर्षी एवढी प्रगतीही पुष्कळ.

दोन वर्षांपूर्वी तो नोकरी सोडून गावी परतायचं म्हणाला आणि दोघं वर्ध्याला गेली. समोर आता आयटीतली दोन मुलं राहतात. चांगली आहेत, दार नेहमी बंद असतं. सामान गेलं त्या दिवशी ती जिन्यात म्हणाली, "येते." मी काहीच सुधारलं नाही.

बाजाराच्या यादीत मी हल्ली कोथिंबीर लिहीत नाही, सांभार लिहिते. माझी मीच वाचणार, कोणाला काय त्याचं? पण गेल्या महिन्यात माझा गुडघा धरला आणि रविवारी यजमान मार्केट यार्डात गेले. यादीबरहुकूम सगळं घेऊन आले. पिशवी रिकामी केली तर तळाशी सांभार मसाल्याचा पुडा.

मी त्याचा फोटो काढून तिला पाठवला. मिनिटभरात फोन आला. पहिलं अर्धं मिनिट ती बोललीच नाही, नुसती हसत होती. मग श्वास सावरून म्हणाली, "अन् तुम्ही काय करून राहिल्या?"

घरात पोहे परतायचे होते, कोथिंबिरीशिवाय. गुडघ्याला शेक द्यायचा होता. सांगण्यासारख्या चार-पाच गोष्टी होत्या, त्या मी क्रमानं सांगितल्याही असत्या.

"तुझी आठवण येऊन राहिली," मी म्हणाले.

तिच्याकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"हे मात्र बरोबर बोलल्या," ती म्हणाली.